सुर्लच्या सड्यावर, तीस सेकंद

रात्री एक वाजता
ट्रायपॉडचे तीन पाय जांभ्यावर बसेनात.
एकाखाली चपटा दगड सरकवला,
मधोमध पिशवी लटकवली वाऱ्यासाठी,
उरलेले दोन नुसते भरवशावर.

समोर वाघेरी.
म्हणजे तारे नसलेली एक मोठी जागा,
तिला वाघेरी म्हणायचं.
तिच्या खांद्यावर मृग कललेला, पोटात बाण घेऊन,
आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक काळा धोंडा,
चित्राला वजन हवं म्हणून मुद्दाम चौकटीत धरलेला.

काल फोंड्याला लग्न होतं.
दिवसभर मी माणसांना बजावत होते, हलू नका.
काका, पोट आत. मामी, डोळे मिटलेत.
इथे कुणाला बजावू?
लेन्स अनंतावर लावली तर तारे फुगले,
अनंताच्या केसभर अलीकडे आणली
तेव्हा कुठे व्याध टाचणीच्या डोक्याएवढा झाला.
हे कुठल्या पुस्तकात नसतं,
गारठलेल्या बोटांना कळत जातं.

बटण दाबलं. मोजू लागले.
नऊ म्हणेपर्यंत चपला वाजल्या,
तोंडात विडी धरलेला एक माणूस
माझ्या आकाशगंगेखालून सरळ चालत गेला.
धुळो झोरे. म्हैस शोधत होता.
"घंटी आहे गळ्यात, पण वाजू देत नाय.
मान धरून बसते. लबाड आहे."

मग माझ्याकडे वळून,
"उजेड नाय तर फोटो कसला?"
मी म्हटलं, थोडा थोडा साठत जातो.
"दुधासारखा," तो म्हणाला.
बारा वर्षं हे काम करते आहे,
मला हे असं सांगता आलं नव्हतं.

पडद्यावर त्याला त्याचा फोटो दाखवला.
माणूस नव्हताच त्यात.
एक तांबडी रेघ फक्त, छातीच्या उंचीवर,
जिथे जिथे पाय खड्ड्यात गेला तिथे किंचित खचलेली.
"मी कुठं?"
ही रेघ म्हणजे तुम्ही.
तो बराच वेळ बघत राहिला. हसला नाही.
"आणि घर?"

घर डोंगराच्या पायथ्याशी, काळोखात मुरलेलं.
त्याच्या पाठीमागे आभाळ नारिंगी, ते म्हापशाचं.
"तिथला उजेड इथवर येतो,
आणि आमच्याकडे खांब आहेत, तारा नाहीत."
मी वर पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

मग सड्याच्या कडेला जाऊन
त्याने हाळी दिली, नवलीऽऽऽ, लांबलचक,
खालच्या रानातून ती परत आली, मग पुन्हा गेली.
पुष्कळ वेळाने खाली टॉर्च लागला.
मी घाईने बटण दाबलं.
"उभी ऱ्हा गे, हलू नको!" हा वरून ओरडतोय,
आणि ती पोर टॉर्च गरगरा फिरवतेय,
रात्री दोनला, झोपेतून उठून,
कशासाठी ते ठाऊक नसताना.
डोंगराच्या पायाशी उजेडाचा एक गिचमिड गुंता.
कॅलेंडरवाल्यांना डोंगर स्वच्छ हवा होता.

"तिकांडं बुडालं," धुळो म्हणाला,
माघातलं त्याचं घड्याळ ते,
आणि विडी विझवून दुसऱ्या वाटेने निघून गेला.
भिंगावर दव धरलं होतं. मीही आवरलं.

दुसऱ्या दिवशी घरी, जेवण झाल्यावर,
पाची फोटो मोठे करून बघत बसले.
पहिल्यात धोंडा. दुसऱ्यात धोंडा.
तिसऱ्यात विडीची रेघ
धोंड्यापासून दहा हातांवरून गेलेली.
चौथ्यात, नवलीच्या गुंत्याच्या वर, धोंडा
स्पष्ट, कडा न कडा.
पाचव्यात धोंडा नाही.
नुसता सडा, करडा, चेपलेलं गवत.

पुन्हा चौथा काढला. उजळ केला, आणखी उजळ.
शिंगं होती.

हलू नका म्हटल्यावर
इतक्या वर्षांत कुणी इतकं ऐकलं नव्हतं.
धुळोचा नंबर घेतला होता मी.
लावून पाहिला. तिथे रेंज नसते.